जुनं आऊटबोर्ड इंजिन मिस मारतंय? कार्बोरेटरला हात लावण्याआधी हा क्रम पाळा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दोन महिने होडीमागचं आऊटबोर्ड इंजिन खोपीत उभं. नारळीपौर्णिमा झाली, होडी पाण्यात ढकलली, दोरी ओढली, इंजिन चालू झालं. पण आवाजात दम नाही. मध्येच झटका देतं, स्लोवर थरथरतं, थ्रॉटल दिला की पिकअप घेत नाही. अशा वेळी दहातले नऊ जण पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर उचलतात आणि कार्बोरेटरची सुई फिरवतात. संध्याकाळपर्यंत सुईची मूळ जागा हरवते. आता मूळ दोष एक आणि आपण घातलेला दुसरा, असे दोन दोष शोधायचे असतात.

हा लेख दोन सिलिंडरच्या, टू-स्ट्रोक, दोरीने चालू होणाऱ्या जुन्या इंजिनांसाठी आहे. साठ-सत्तरच्या दशकातली जॉन्सन-एव्हिनरूड असोत किंवा नंतरची यामाहा-सुझुकी, तपासण्याचा क्रम एकच: आधी कॉम्प्रेशन, मग ठिणगी, मग इंधनाची वाट, मग कार्बोरेटर. सुई सगळ्यात शेवटी.

यामागचं कारण साधं आहे. या आकाराच्या बहुतेक इंजिनांत दोन सिलिंडरना मिळून एकच कार्बोरेटर असतो. तो बिघडला तर त्रास दोन्ही सिलिंडरना होतो. एकच सिलिंडर मेलं असेल, तर दोष कार्बोरेटरमध्ये असण्याची शक्यता फार कमी. दोष एकात आहे की दोन्हींत, हे आधी कळलं की निम्मं काम झालं.

## तयारी

इंजिन कोरडं चालवून बघू नका, "दोनच सेकंद" म्हणूनही नाही. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर पाण्यावरच सरकतो. पाणी नसेल तर काही सेकंदांत त्याची पाती जळतात.

२०० लिटरचं पिंप घ्या. पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या चार बोटं वर पाणी येईल एवढं भरा. पंखा काढून ठेवला तर पाणी उसळणार नाही आणि हातही सुरक्षित राहतील. पिंपातलं इंजिन भक्कम फळीवर घट्ट आवळा.

जवळ हे असू द्या: प्लगचा पाना, फीलर गेज, कॉम्प्रेशन गेज, ठिणगी तपासायचा टेस्टर, नवे दोन प्लग, कार्बोरेटर क्लीनर, ताजं पेट्रोल, पाण्यातल्या इंजिनांसाठीचं टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं टू-स्ट्रोक तेल, स्वच्छ काचेची बरणी, पारदर्शक पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा आणि एक वही. मोटरसायकलचं टू-टी तेल चालेल असं अनेकांना वाटतं. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. पाण्याने थंड होणाऱ्या आऊटबोर्डमध्ये ते राख धरतं आणि प्लग खराब करतं.

सावधान: काम उघड्यावर करा. अग्निशामक नसेल तर सुक्या वाळूची बादली हाताशी ठेवा. बंद खोपीत पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते.

## १. लक्षण वहीत लिहा

पाना उचलण्याआधी या प्रश्नांची उत्तरं लिहा. त्रास फक्त स्लोवर आहे, फक्त फुल थ्रॉटलवर आहे, की दोन्हीकडे? थंड असताना आहे की तापल्यावर? अचानक सुरू झाला की हळूहळू वाढत गेला? इंजिन अडखळत असताना पाइपवरचा रबरी फुगा दाबला तर सुधारतं का?

शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. फुगा दाबल्यावर इंजिन सुरळीत होत असेल, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. तुमचा दोष बहुधा टप्पा ५ मध्ये सापडेल. तरीही टप्पा ३ आणि ४ सोडू नका.

## २. जुनं पेट्रोल काढून टाका

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं, आणि पावसाळ्यात कोकणच्या हवेत बाष्पाला काय तोटा! पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात, टाकीच्या तळाशी बसतात आणि नेमके तिथूनच आधी ओढले जातात.

टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल बरणीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला, रंग गढूळ वाटला किंवा आंबूस वार्निशसारखा वास आला, तर ते सगळं काढा. "थोडं ताजं मिसळून चालवू" असं करू नका.

ताजं मिश्रण बनवताना प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली तेल. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली. १९६४ च्या आधीच्या जॉन्सन-एव्हिनरूडना साधारण २४:१ लागतं, म्हणजे लिटरला सुमारे ४२ मिली. अशा इंजिनात ५०:१ घातलं तर बेअरिंग खराब होतात. उलट, "जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित" म्हणून अंदाजाने ओतत राहिलात तर प्लग ओले आणि काळे पडतात. तेल मापानेच घाला.

तपासणी: वेगळ्या छोट्या टाकीत लिटरभर ताजं मिश्रण घ्या, तिला चांगला पाइप जोडा आणि इंजिन पिंपात चालवा. त्रास गेला तर दोष इंजिनात नाही, जुन्या टाकीत किंवा पाइपात आहे. पुढचे बरेच टप्पे वाचतील.

## ३. कॉम्प्रेशन

ही तपासणी लोक हमखास टाळतात. "चालू तर होतंय, मग कॉम्प्रेशन असणारच," असं म्हणतात. एका सिलिंडरमधली पिस्टनची रिंग चिकटलेली असली तरी दोन सिलिंडरचं इंजिन चालू होतं. चालतं मात्र रडत.

1. शक्य असेल तर इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा.
2. दोन्ही प्लग काढा. कुठला वरचा, कुठला खालचा, याची खूण करून क्रमाने ठेवा. टप्पा ४ मध्ये ते वाचायचे आहेत.
3. दोन्ही प्लगच्या वायर इंजिनाच्या ब्लॉकला अर्थ करा.
4. थ्रॉटल पूर्ण उघडा.
5. गेज लावून दोरी सलग चार-पाच वेळा जोरात ओढा. काटा चढायचा थांबला की आकडा लिहा.
6. दुसऱ्या सिलिंडरला तेवढ्याच वेळा ओढा.

सावधान: उघड्या भोकांतून पेट्रोलचा फवारा येतो. वायर भोकांपासून लांब आणि पक्क्या अर्थ केलेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर ठिणगीने आग लागते. शिवाय सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असलेल्या इंजिनात वायर मोकळी ठेवली तर सीडीआयही जाऊ शकतो.

आकडा किती आला यापेक्षा दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा. ९० आणि ८५ पीएसआय आले तर जुन्या इंजिनाला उत्तम. ९५ आणि ६० आले तर थांबा. फरक १०-१५ टक्क्यांहून जास्त असेल, तर सुई फिरवून काहीही साधणार नाही. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग किंवा सिलिंडरची झीज आहे. जागचा हलला नाही तर हेडच्या पॅकिंगकडे बघा. दोन्ही आकडे सारखेच पण खूप कमी आले, तर दोन सिलिंडरच्या मधली पॅकिंग फुटलेली असू शकते.

रॉकेलवर चालणारं इंजिन असेल तर त्याचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं. शेजारच्याच्या पेट्रोल इंजिनाशी तुलना करून घाबरू नका.

## ४. ठिणगी

आधी काढून ठेवलेले प्लग वाचा. तपकिरी आणि कोरडा प्लग असेल तर सिलिंडर ठीक. ओला-काळा असेल तर एक तर ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल जास्त येतंय. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी आणि सिलिंडर तापतंय. एक प्लग धुतल्यासारखा स्वच्छ किंवा गंजलेला दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. हेडची किंवा एक्झॉस्टची पॅकिंग उघडावी लागेल.

इथे एक फसगत होते. ओला प्लग पाहिला की लोक "ओव्हर होतंय" म्हणून पेट्रोल कमी करतात. पण ठिणगीच पडत नसेल तर आलेलं पेट्रोल जळणार कसं? प्लग ओलाच राहणार. म्हणूनच ठिणगी आधी, कार्बोरेटर नंतर.

1. प्लगचा गॅप पुस्तिकेप्रमाणे लावा. एनजीकेच्या क्रमांकाच्या शेवटी -१० असेल तर तो प्लग १ मिलिमीटर गॅपचा असतो, जसा बी७एचएस-१०. नुसता बी७एचएस वेगळा. दुकानात "एकच आहे" म्हणून दुसराच देतात, तेव्हा डबीवरचा क्रमांक स्वतः वाचा.
2. टेस्टरवर सुमारे ६ मिलिमीटर अंतर ठेवा आणि दोरी ओढा. निळी, टचटचीत ठिणगी दोन्ही वायरवर पडली पाहिजे. पिवळी, बारीक, मध्येच चुकणारी ठिणगी नापास. नुसता प्लग ब्लॉकला टेकवून बघणं पुरत नाही, कारण मोकळ्या हवेत कमजोर ठिणगीही उडी मारते, दाबाखाली मारत नाही.
3. एकच वायर कमजोर असेल तर दोन प्लग अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. जागेवरच राहिला तर वायर, कॉइल किंवा पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क).
4. दोन्ही मेल्या असतील तर आधी इंजिन बंद करायच्या बटणाची वायर सोडवून बघा. खाऱ्या हवेत ते बटण आतून अर्थ होतं आणि माणूस विनाकारण कॉइल बदलत बसतो.

कुठलं सिलिंडर मेलंय ते चालत्या इंजिनावरही कळतं. इंजिन बंद असताना एका प्लगची वायर काढून अर्थ करा, मग चालू करा. तसंच दुसऱ्याचं. ज्या सिलिंडरची वायर काढून काहीच फरक पडत नाही, ते आधीपासूनच मेलेलं आहे.

### पॉइंट असलेलं इंजिन

साठच्या दशकातल्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल असतात. फ्लायव्हील काढायला पुलरच लागतो. हातोडीने काढलेली फ्लायव्हीलं मी पुष्कळ पाहिली, आणि त्यातल्या बहुतेकांचा शाफ्ट नंतर कामाला आला नाही.

जुन्या कॉइलवरच्या प्लास्टिकला केसासारखी चीर दिसली तरी कॉइल बदला. थंड असताना ती ठिणगी देते आणि तापल्यावर सोडते. "अर्धा तास ठीक चालतं, मग मिस मारतं" ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. पॉइंट सर्वांत जास्त उघडे असताना जॉन्सन-एव्हिनरूडला गॅप ०.५ मिलिमीटर ठेवा. पॉइंट सँडपेपरने घासू नका, कारण त्याचे कण पृष्ठभागात रुततात. पॉइंट-फाइल हलकी फिरवा आणि शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मधून ओढा.

फ्लायव्हील बसवण्याआधी किल्ली, म्हणजे फ्लायव्हील शाफ्टवर जागेला धरणारा छोटा धातूचा तुकडा, नीट पाहा. ती अर्धवट कापली गेली असेल तर टायमिंग सरकतं, दोरी हाताला उलटा झटका देते आणि इंजिन कधीच सुरळीत होत नाही. शाफ्टचा निमुळता भाग कोरडा करून मगच नट पूर्ण आवळा.

## ५. पेट्रोलची वाट

टाकीपासून इंजिनाकडे चालत या.

टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला तर इंजिन दहा मिनिटं छान चालतं आणि मग गुदमरतं. अनुभवी तांडेलही (होडीचे प्रमुख) इथे चुकतात. चालत्या इंजिनात फुगा चपटा होत असेल, तर आधी हा स्क्रू बघा, मग टाकीतली जाळी.

पाइप आणि फुगा. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे. दाबल्यावर फुगा कडक झाला पाहिजे. कधीच कडक होत नसेल तर त्याची झडप गेली, कुठे गळती आहे किंवा कार्बोरेटरमधली फ्लोटची, पेट्रोल अडवणारी सुई (सेटिंगची नव्हे) बसत नाही. दोन्ही टोकांच्या कनेक्टरमधली रबरी रिंग बदलून टाका, ती फार स्वस्त असते. आता पारदर्शक तुकडा इंजिनाजवळ जोडा आणि इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर कुठेतरी हवा ओढली जातेय. अशा ठिकाणी पेट्रोल बाहेर गळतंच असं नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना गळती सापडत नाही.

पंपाचा पडदा. हा पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो. पडद्याला बारीक भोक पडलं तर पेट्रोल सरळ एका सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये ओढलं जातं. एक प्लग सतत ओला, ठिणगी मात्र उत्तम, असं असेल तर पडदा काढून उजेडासमोर धरा. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. पडदा बदलताना नव्या पेट्रोलला चालणाराच घ्या.

## ६. कार्बोरेटरची सफाई

इथवर सगळं पास झालं असेल तरच कार्बोरेटर उतरवा. प्रत्येक भाग काढताना मोबाइलवर फोटो घ्या. सुई काढण्याआधी ती हलकेच पूर्ण आत नेऊन किती फेरे गेले ते मोजा आणि वहीत लिहा.

जेट, म्हणजे पेट्रोल मापाने सोडणारा बारीक भोकाचा भाग, लोखंडी तारेने साफ करू नका. पितळ मऊ असतं, भोक वाढलं की जेट फुकट. आपल्याकडे त्यासाठी जाळ्याची तंगूस (नायलॉनचा दोरा) आहेच, योग्य जाडीची निवडा. तंगूस पार झाली म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. स्लोची बारीक छिद्रं आणि त्यांना जाणारी आतली वाट क्लीनर मारून, मग हवेने फुंकून साफ करा. एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून बाहेर यायला हवा. स्लोवर थरथरणाऱ्या इंजिनांचा दोष बहुधा याच वाटेत असतो, आणि नेमकी तीच अर्धवट साफ होते.

फ्लोट हलवून आत पेट्रोल शिरलंय का ते ऐका. कार्बोरेटर उलटा धरल्यावर फ्लोट सहसा काठाला समांतर दिसला पाहिजे.

तपासणी: कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचं धुकं मागे थुंकलं जात असेल, तर रीड व्हॉल्व्हची (मिश्रण मागे येऊ न देणाऱ्या झडपेची) पाती तुटलेली किंवा वाकलेली आहे. सफाईने ते जाणार नाही.

## ७. सुईची सेटिंग

सुई आत बसवताना बोटांनी, टेकेपर्यंतच. जोर लावला तर टोकाला खाच पडते आणि पुढे कुठलीच सेटिंग टिकत नाही. दोन सुयांच्या जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये वरची स्लोची दीड फेरा बाहेर, खालची हाय-स्पीडची एक फेरा बाहेर, अशी सुरुवात करा. नंतरच्या इंजिनांत फक्त स्लोचा स्क्रू असतो. त्याचे फेरे पुस्तिकेत दिलेले असतात.

अंतिम सेटिंग पिंपात करू नका. पंखा लावून, होडी पक्की बांधून, इंजिन तापलेलं आणि गिअरमध्ये असताना स्लोची सुई आठवा भाग फेरा फिरवा आणि पंधरा सेकंद थांबा. इंजिनाला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. आत नेत गेलात की ते शिंकल्यासारखं फटकतं. बाहेर नेत गेलात की जड, गुरगुरतं चालतं. या दोन्हींच्या मध्ये, किंचित बाहेरच्या बाजूला ठेवा.

सावधान: हाय-स्पीडची सुई कधीही कमी पेट्रोलच्या बाजूला ठेवू नका. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येतं, त्यामुळे पेट्रोल कमी केलं की तेलही कमी होतं. मी एकदा इंजिन गोड वाजतंय म्हणून सुई पाव फेरा आत ठेवली. देवबागच्या संगमाकडे, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीच्या ओढीत वरचा पिस्टन जाम झाला. होडीत माझ्याबरोबर दोघं होते. वल्ही होती म्हणून किनाऱ्याला लागलो. तेव्हापासून मी हाय-स्पीडची सुई नेहमी थोडी जास्त पेट्रोलच्या बाजूला ठेवतो, धूर थोडा जास्त दिसला तरी.

## ८. पाणी आणि तापमान

इंजिनाला पाण्याची धार देणारं छिद्र असेल तर धार अखंड हवी. मिठाने बुजलेलं छिद्र तंगुशीने मोकळं करा. इम्पेलर दरवर्षी, बंदीच्या दिवसांतच बदला. दोन महिने एकाच जागी दाबून राहिलेल्या पात्यांना बाक येतो.

थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर इंजिन थंड राहतं आणि स्लोवर अडखळतं. धार चांगली आहे म्हणून कुणी तिकडे बघत नाही. दहा मिनिटं चालवल्यावर सिलिंडर हेडला हात लावा. हेड गारच असेल तर थर्मोस्टॅट उघडून पाहा.

## ९. समुद्रातली चाचणी

किनाऱ्याजवळ, भरतीच्या वेळी, वल्ही आणि लाइफ जॅकेट घेऊन जा. पाच मिनिटं स्लो, पाच मिनिटं अर्धा थ्रॉटल, दोन मिनिटं फुल. मग इंजिन फुलवर असतानाच बंद करा, प्लग काढा आणि पुन्हा वाचा. स्लोवर आणून बंद केलंत तर प्लगवर स्लोचाच रंग दिसेल.

आवाज चढतोय पण होडी पुढे जात नाही, असं असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. पंख्याच्या आतलं रबर सुटलेलं असतं. पंख्यावर आणि आतल्या बुशवर रंगाची एक सरळ रेघ मारा. चालवून आल्यावर रेघ जुळली नाही, तर रबर गेलं.

रॉकेलवर चालवत असाल तर किनारा जवळ आला की पेट्रोलवर या आणि मगच बंद करा. कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहिलं तर दुसऱ्या दिवशी हीच सगळी लक्षणं पुन्हा दिसतील आणि तुम्ही पुन्हा टप्पा १ वर याल.

परत आल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्यात चालवा. मग दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे, सुईचे फेरे, प्लगचा क्रमांक आणि तारीख इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा. वही हरवते, झाकण इंजिनाबरोबरच राहतं.